लिंकमधला एक आकडा बदलला आणि दुसऱ्याची पावती उघडली, आता पुढे काय?

फी भरली की क्लासवाले एसएमएस पाठवतात, त्यात लिंक असते, लॉगिन केलं की पावती उघडते. त्या लिंकचं शेपूट कधी नीट बघितलंय का? तिथे बरेचदा एक नंबर असतो, समजा ४८२१३. हा तुमच्या पावतीचा नंबर. आता कोणी तो खोडून तिथे ४८२१४ टाकला आणि एंटर मारलं तर साईटने सरळ सांगायला पाहिजे की बाबा ही पावती तुझी नाही, निघ इथून. पण कितीतरी साईटी असं काही म्हणत नाहीत, मुकाट्याने दुसऱ्याची पावती काढून समोर ठेवतात, नाव, मोबाईल, घरचा पत्ता, किती हप्ते बाकी आहेत, सगळं.

याला सिक्युरिटीवाले आयडॉर म्हणतात. पूर्ण नाव इनसिक्युअर डायरेक्ट ऑब्जेक्ट रेफरन्स. नाव जड आहे, भानगड एकदम साधी आहे.

माझा भाचा भुसावळला बीसीए करतो, त्याला जळगावच्या एका क्लासच्या साईटवर हेच दिसलं. क्लासचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही, कारण असे क्लास धुळ्यात आहेत, नंदुरबारात आहेत, पुण्यात तर गल्लोगल्ली. रात्री फोन आला, मामा मी काही हॅक-बिक केलं नाही, फक्त आकडा बदलला आणि एका मुलीची पावती आली, तिच्या वडिलांच्या नंबरासकट, मी लगेच बंद केली. दाजी मागून बोलत होते ते पण ऐकू येत होतं, "जाऊ दे ना भो, आपल्याले काय करायचं, उगाच पोलीस-बिलीस मागे लागतील." दाजींची भीती अगदीच खोटी नाही, त्यावर पुढे येतो. आधी हे होतं कसं ते बघू.

सर्व्हरला दोन वेगवेगळे प्रश्न विचारायचे असतात. पहिला, तू कोण? याचं उत्तर लॉगिन आणि ओटीपीने मिळतं. दुसरा, तू जे मागतोय ते तुझं आहे का? लोक पहिला प्रश्न विचारतात आणि दुसरा विसरतात. जिनिंगवर कापूस घेऊन गेलात, काटा झाला, हातात काटापावती मिळाली, पैशाच्या खिडकीवर गेलात आणि आतल्या माणसाने फक्त पावतीचा नंबर ऐकला आणि नोटा मोजून दिल्या, पावती कोणाच्या नावाची हे बघितलंच नाही, तर मागचा माणूस पुढचा नंबर सांगून दुसऱ्याचे पैसे घेऊन जाईल ना? गेटवर वॉचमन होता, रजिस्टरमध्ये सही पण घेतली होती, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

कोडमध्ये हा फरक जेमतेम एका ओळीचा असतो. डेटाबेसला चुकीच्या साईटवर सांगितलेलं असतं, "४८२१४ नंबरची पावती दे." बरोबर साईटवर सांगितलेलं असतं, "४८२१४ नंबरची पावती दे, पण ती आत्ता लॉगिन असलेल्या माणसाच्या नावावर असेल तरच दे." बस, एवढंच. मग हे राहतं का, तर डेव्हलपर स्वतःच्या साईटवर स्वतःच्या बटणांवरूनच फिरतो, 'माझ्या पावत्या' वर क्लिक केलं की त्याला त्याच्याच पावत्या दिसतात, सगळं बरोबर चाललंय असं वाटतं, लिंक हाताने बदलणारा माणूस त्याच्या डोक्यातच नसतो. आणि क्लासवाल्याला साईट कमी पैशात, अ‍ॅडमिशनच्या आत पाहिजे असते, मग टेस्टिंग कोण करतो.

काहीजण यावर उपाय म्हणून ४८२१४ च्या जागी लांबलचक गिचमिड अक्षरं टाकतात, म्हणजे पुढचा नंबर ओळखता येत नाही. चांगलं आहे, करा, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण तीच लिंक कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड केली की पावती परत उघडीच. मालकीची तपासणी ती तपासणी, तिला पर्याय नाही.

हे फक्त छोट्या गावच्या छोट्या साईटींचं दुखणं आहे असं समजू नका. ओवॅस्प नावाची संस्था वेब अ‍ॅप्लिकेशनमधल्या मोठ्या धोक्यांची यादी काढते, त्यात २०२१ साली ज्याला जे दिसायला नको ते दिसणं हा प्रकार पाचव्या नंबरवरून उडी मारून पहिल्या नंबरवर आला, आयडॉर त्याच घरातला. अमेरिकेत घर-जमिनीच्या मालकी हक्काचा विमा काढणारी फर्स्ट अमेरिकन नावाची भलीमोठी कंपनी आहे. २०१९ च्या मे महिन्यात ब्रायन क्रेब्स या पत्रकाराने छापलं की तिच्या साईटवर लिंकमधला नंबर बदलला की दुसऱ्यांची कागदपत्रं उघडतात, तिथे तर लॉगिन पण लागत नव्हतं. किती कागदपत्रं? सुमारे ८८.५ कोटी, पार २००३ पासूनची, त्यात बँक खात्यांचे नंबर, लायसन्सचे फोटो, काय म्हणाल ते.

त्या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे हे भोक कंपनीच्याच टेस्टिंगमध्ये डिसेंबर २०१८ मध्ये सापडलेलं होतं. सापडलं, कागदावर आलं, आणि किरकोळ समजून पडून राहिलं. बाहेरचा एक माणूस, घरं बांधण्याच्या धंद्यातला, त्याला ते दिसलं, त्याने कंपनीला कळवायचा प्रयत्न केला, कोणी दाद दिली नाही, तेव्हा तो पत्रकाराकडे गेला. मग मात्र भोक लगेच बुजलं. पुढे अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणांनी दंड लावले ते वेगळं.

म्हणजे भोक सापडणं हा भाग सोपा आहे, खरा गुंता सापडल्यानंतर सुरू होतो. आणि त्यात पहिला प्रश्न, थांबायचं कुठे?

२०१० साली आयपॅड नवीन आलेला होता, त्याचं नेट एटी अँड टी कंपनीकडून मिळायचं. त्यांच्या साईटला सिमकार्डाचा नंबर पाठवला की ती त्या ग्राहकाचा ईमेल परत द्यायची, ग्राहकाला टाईप करायचा त्रास नको म्हणून. भोक बघा, तेच आहे, नंबर बदला आणि दुसऱ्याची माहिती घ्या. पण ज्यांना ते सापडलं त्यांनी एक-दोन नंबर टाकून बघून कंपनीला कळवलं नाही, त्यांनी स्क्रिप्ट म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम लिहिला, नंबरामागून नंबर टाकत गेले, सुमारे १ लाख १४ हजार ईमेल गोळा केले आणि ते गॉकर या न्यूज साईटला दिले. त्यातल्या अँड्र्यू ऑर्नहाइमरला २०१३ मध्ये ४१ महिन्यांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये वरच्या कोर्टाने ती रद्द केली, पण का, तर खटला चुकीच्या राज्यात चालवला म्हणून, त्याने केलं ते बरोबर होतं म्हणून नाही. त्याला झालेली शिक्षा मला जास्तच वाटते, पण लाखभर लोकांचे ईमेल काढायची काही गरज नव्हती हे पण तेवढंच खरं. दुसऱ्या नंबरालाच सिद्ध झालं होतं ना.

भाच्याला मी पहिलं हेच सांगितलं की आता तिसरा, चौथा आकडा टाकून बघू नको. मित्रांना दाखवायला तर अजिबात नको. अजून खात्री करायची तर स्वच्छ मार्ग आहे, त्याच क्लासला त्याचा एक मित्र आहे, त्याला विचारायचं, तुझ्या पावतीचा नंबर दे, मी माझ्या लॉगिनमधून उघडून बघतो, चालेल का. तो हो म्हणाला. उघडली. झालं सिद्ध, आणि ज्याची माहिती दिसली त्याला माहीत होतं. जे लोक हे काम पोटापाण्यासाठी करतात ते पण स्वतःचीच दोन खाती काढून एकातून दुसऱ्याचं उघडतं का बघतात, अनोळखी माणसाच्या डेटाला हात लावत नाहीत.

मग कळवायचं. कोणाला? मोठ्या साईटींवर कधी कधी सिक्युरिटी डॉट टीएक्सटी नावाची छोटी फाईल ठेवलेली असते, २०२२ मध्ये ती कशी लिहायची याचा अधिकृत दस्तऐवजच निघाला, तिच्यात लिहिलेलं असतं की भोक सापडलं तर या ईमेलवर कळवा. आपल्याकडच्या क्लास, पतसंस्था, दवाखान्यांच्या साईटींवर ती सापडली तर मी सावद्याची केळी घेऊन तुमच्या घरी येतो. नसली तर साईटवरचा संपर्काचा ईमेल, तो पण नसला तर ऑफिसचा. फेसबुकवर, गावच्या ग्रुपवर, इन्स्टाच्या स्टोरीवर टाकायचं नाही, कारण तुम्ही टाकल्यापासून ते भोक बुजेपर्यंत ज्याला-त्याला रस्ता माहीत होतो, आणि त्या मुलीच्या वडिलांचा नंबर अजून तिथेच असतो.

ईमेलमध्ये भारी इंग्रजी लागत नाही. भाच्याने लिहिलेलं साधारण असं होतं:

"नमस्कार, मी आपला विद्यार्थी आहे. आपल्या साईटवर लॉगिन करून पावतीच्या लिंकमधला शेवटचा नंबर बदलला की दुसऱ्या विद्यार्थ्याची पावती उघडते. हे मला अमुक तारखेला रात्री माझ्या खात्यातून दिसलं. एक अनोळखी पावती उघडली ती मी लगेच बंद केली, काहीही सेव्ह केलेलं नाही. नंतर मित्राच्या परवानगीने त्याच्या पावतीवर खात्री केली. पायऱ्या खाली दिल्या आहेत, स्क्रीनशॉटमध्ये नाव-नंबर झाकले आहेत. हे मी बाहेर कुठे सांगितलेलं नाही. दुरुस्त झालं की कळवा, मी पुन्हा बघून सांगतो."

यात पैशाचा शब्द नाही बघा. "इतके द्या नाहीतर सगळ्यांना सांगतो" हे वाक्य ज्या क्षणी लिहिलं त्या क्षणी तुम्ही मदत करणारे राहिलाच नाहीत, ती सरळ खंडणी झाली, आणि पोलीस तसंच लिहून घेतील.

आता दाजींच्या भीतीकडे येऊ. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा, त्याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं, डेटा काढणं हे येतं, त्याची नुकसानभरपाई मागता येते. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता भाच्याच्या मनात कपट नव्हतं हे तुम्हा-आम्हाला दिसतं, पण 'चांगल्या हेतूने भोक शोधणाऱ्याला काही होणार नाही' असं त्या कायद्यात सरळ लिहिलेलं नाही, त्यामुळे हेतू दिसेल असंच वागावं लागतं, आणि तो दिसतो कागदावरून. किती उघडलं, केव्हा कळवलं, काय मागितलं. म्हणून ते ईमेल जपून ठेवायचं. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२ मध्ये आपल्या वकिलांना लेखी सांगितलं की चांगल्या हेतूने केलेल्या सिक्युरिटी संशोधनावर खटले भरू नका. आपल्याकडे असं काहीतरी स्पष्ट लिहिलेलं यायला पाहिजे, एवढं माझं मत आहे.

समोरचा माणूस कसा उसळू शकतो ते पण बघा. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या मिझुरी राज्यात सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच पेपरच्या पत्रकाराला दिसलं की शिक्षण खात्याच्या साईटवर शिक्षकांची माहिती शोधली की पानाच्या आतल्या कोडमध्ये त्यांचे सोशल सिक्युरिटी नंबर येतायत, म्हणजे आपल्या आधारसारखी नाजूक गोष्ट, १ लाखाहून जास्त शिक्षकांची. कोड बघायला हॅकिंग लागत नाही, ब्राउझरमध्ये कोणतंही पान उघडून 'सोर्स बघा' केलं की दिसतो. पेपरने आधी खात्याला कळवलं, खात्याने ते पान बंद करेपर्यंत बातमी दाबून धरली, याच्यापेक्षा सभ्यपणा काय असतो? आणि राज्याचे गव्हर्नर माईक पार्सन यांनी पत्रकार परिषद घेऊन त्या पत्रकारालाच हॅकर म्हटलं, तपास लावला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलाने गुन्हा दाखल करायला नकार दिला तेव्हा ते मिटलं, पण तोपर्यंतचे महिने त्या माणसाने काढलेच ना.

असं धमकावल्याने भोक बुजत नाही, फक्त पुढचा माणूस कळवायचं बंद करतो, आणि न कळवणाऱ्यांमध्ये चोर पण असतात.

ईमेलला उत्तरच आलं नाही तर? आपल्याकडे सर्ट-इन आहे, सायबर सुरक्षेचं सरकारी खातं, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी मंत्रालयाखाली येतं, २००४ पासून काम करतं, कंपनी ऐकत नसेल तर त्यांना भोक कळवता येतं, ते मध्ये पडून कंपनीशी बोलतात. वीज, बँकिंग, रेल्वे असल्या देशाच्या कण्याच्या यंत्रणांसाठी एनसीआयआयपीसी ही वेगळी संस्था आहे, ती पण असे रिपोर्ट घेते. सामान्य माणसाला मी सांगेन की मालक दाद देत नसेल तर सरळ सर्ट-इनला लिहा, पत्रकाराकडे जायचा रस्ता त्याच्या नंतरचा.

आणि वाट किती बघायची? यावर जगभर भांडणं झालेली आहेत. कंपन्या म्हणतात आम्ही सांगू तेव्हाच बोला, शोधणारे म्हणतात मग तुम्ही वर्षभर झोपाल. गुगलची प्रोजेक्ट झिरो नावाची, सॉफ्टवेअरमधली भोकं शोधणारी टीम आहे २०१४ पासून, त्यांनी ९० दिवसांचा नियम लावला, ९० दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर आम्ही जाहीर करू, मग समोर मायक्रोसॉफ्ट असो की अ‍ॅपल. चोर आधीच ते भोक वापरत असतील तर मुदत फक्त ७ दिवस. कठोर वाटतं, पण फर्स्ट अमेरिकनची डिसेंबर ते मे ही झोप आठवा. मुदत नसली की दुरुस्ती कायम पुढच्या महिन्यात असते. अर्थात क्लासच्या साईटचं भोक ९० दिवसांनी तपशीलासकट जगजाहीर करून कोणाचं भलं होणार नाही, तिथे विद्यार्थ्यांचीच नावं उघडी पडतील, म्हणून तो नियम जशाच्या तसा इथे आणू नका. विंडोजचं भोक जाहीर झालं तर लोक अपडेट टाकून स्वतःला वाचवू शकतात, साईटचं भोक फक्त साईटवालाच बुजवू शकतो.

पैसे मिळतात का, हा प्रश्न भाच्याने पण विचारला. मिळतात, पण जिथे कंपनीने आधीच सांगितलेलं असतं तिथे. याला बग बाउंटी म्हणतात, १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने ही पद्धत नावारूपाला आणली. आपल्याकडची पोरं यात तरबेज आहेत. २०१६ मध्ये आनंद प्रकाश या बंगळुरूच्या सिक्युरिटी इंजिनीअरला फेसबुकचं भोक सापडलं. पासवर्ड विसरला की ६ आकडी कोड येतो ना, मुख्य साईटवर १०-१२ वेळा चुकलं की दार बंद व्हायचं, पण फेसबुकच्याच बीटा साईटवर, म्हणजे नवीन गोष्टी आधी तपासून बघायच्या साईटवर, ती मर्यादा लावायची राहून गेली होती. ६ आकडे म्हणजे फक्त १० लाख शक्यता, कॉम्प्युटरला त्या एकामागून एक टाकून बघणं काही अवघड नाही, म्हणजे कोणाचंही खातं उघडता आलं असतं. त्याने स्वतःच्याच खात्यावर करून बघितलं, २२ फेब्रुवारीला कळवलं, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती, आणि पुढे १५ हजार डॉलर. २०२० मध्ये भावुक जैनला अ‍ॅपलच्या लॉगिनमधल्या भोकासाठी १ लाख डॉलर मिळाले. हे ऐकून भाच्याचे डोळे चमकले, मी म्हटलं तुझा क्लास अ‍ॅपल नाही, तुला आभार मिळाले तरी पुष्कळ.

आभार मिळाले. क्लासच्या सरांनी फोन केला, पहिल्यांदा जरा तावातच होते, तुला आमच्या साईटमध्ये घुसायला कोणी सांगितलं वगैरे, मग त्यांनी स्वतः आकडा बदलून बघितला आणि आवाज खाली आला. साईट बनवणारा नाशिकचा कोणी पोरगा आहे, त्याला लावून दिलं, त्याने दुरुस्ती केली.

इथेच बरेच लोक गाडी बंद करतात. दुरुस्ती झाली म्हणजे काय झालं ते पुन्हा तपासायला पाहिजे, कारण पावतीचं पान बंद केलं तरी 'पीडीएफ डाऊनलोड' चा रस्ता वेगळा असतो, त्याला तोच नंबर, तीच विसरलेली तपासणी. या क्लासच्या बाबतीत अगदी तसंच निघालं, पान म्हणत होतं परवानगी नाही आणि पीडीएफ मात्र मित्राची आरामात उतरत होती. ते पण कळवलं, तेव्हा ते बंद झालं.

तुमची स्वतःची पतसंस्थेची, दवाखान्याची, जिनिंगची साईट असेल तर डेव्हलपरला बसवून दोन खाती काढायला लावा, एकातून दुसऱ्याची पावती, पीडीएफ, मार्कशीट, प्रोफाईल फोटो, सगळं उघडून बघायला सांगा. कोणाचा डेटा खरंच बाहेर गेलेला दिसला तर सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे ६ तासांत त्यांना कळवावं लागतं, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटाच्या कायद्यात सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची वरची मर्यादा २५० कोटी रुपये लिहिलेली आहे, म्हणजे विषय फक्त चांगुलपणाचा राहिलेला नाही. साईटच्या तळाशी 'सुरक्षेबद्दल काही आढळलं तर इथे कळवा' असा एक ईमेल टाका, आणि तो कोणीतरी रोज वाचतो ना तेवढं बघा. मोबाईल अ‍ॅप असेल तर ते पण तपासा, अ‍ॅप सर्व्हरशी वेगळ्या रस्त्याने बोलतं आणि साईट दुरुस्त करताना तो रस्ता हमखास राहून जातो.